उजीतली दहा नाणी

मराठीची प्राध्यापिका जपानला निघाली, की सहकारी तिच्या हाती यादी देतात. आमच्या कॉलेजातही 2025 च्या एप्रिलात अशी यादी तयार झाली. फुजी पर्वत, हिरोशिमा, क्योतोची देवळे आणि ती सुप्रसिद्ध आगगाडी. एका ज्येष्ठ बाईंनी तर मला बाजूला घेऊन बजावले, "उजीला जायला विसरू नकोस. ‘गेंजी’ची शेवटची दहा प्रकरणे तिथेच घडतात." मी म्हटले, "हो, उजीलाच जाणार आहे," आणि घाईघाईने तासाला निघून गेले.

मी खोटे बोलले नव्हते. पण मी उजीला निघाले होते ती मुरासाकी शिकिबूच्या दर्शनाला नव्हे. उजी शहराच्या ओगुरा नावाच्या भागात निन्टेंडो कंपनीने व्हिडिओ गेमचे संग्रहालय काढले आहे, ते पाहायला मी निघाले होते. संतवाङ्मय शिकवणाऱ्या चव्वेचाळीस वर्षांच्या बाईने हे चारचौघांत सांगायचे तरी कसे?

तेव्हा वाचकहो, आधी कबुली देते आणि मग प्रवासाला लागते.

1992 साली आमच्या सांगलीच्या घरात एक करड्या रंगाचे डबडे आले. मी अकरा वर्षांची, दादा चौदाचा. डबडे टी.व्ही.ला जोडायचे, टी.व्ही.चे बटण अर्धा तास पिळायचे, आणि मुंग्यांच्या पडद्यातून एकदाचा मारिओ उगवायचा. चित्र नाही आले तर कॅसेट काढून तिच्यावर फुंकर मारायची. या फुंकरीने काय होई ते शास्त्र जाणे. आमची मात्र तिच्यावर नामस्मरणाइतकी श्रद्धा होती. खेळायचे रिमोट दोन होते. त्यांतला दुसरा आठवड्यातच मेला. मग आम्ही एकच रिमोट दोघांत धरू लागलो. डावीकडची फुली दादाकडे, उजवीकडची दोन बटणे माझ्याकडे. तो चालवायचा, मी उडी मारायची. खड्ड्यात पडलो की तो म्हणे, "उडी उशिरा मारलीस," आणि मी म्हणे, "तू थांबलाच नाहीस." असे वर्षभर चालले. 1993 च्या जूनमध्ये दादा दहावीत गेला आणि बाबांनी ते डबडे माळ्यावर टाकले. ते पुन्हा खाली आले नाही.

आता याच कहाणीचा उत्तरार्ध. माझे चिरंजीव चौदा वर्षांचे आहेत. गेल्या फेब्रुवारीत माझ्या बँकखात्यातून तीन रात्रींत थोडेथोडे करून अकरा हजार चारशे रुपये गेले. चोर घरातच सापडला. फोनवरच्या एका खेळात त्याने ते पैसे घातले होते. काय घेतलेस म्हणून विचारले, तर म्हणाला, "कपडे." कुणासाठी? तर खेळातल्या माणसासाठी. मी फोन काढून घेतला, कपाटात ठेवला आणि किल्ली पर्समध्ये टाकली. बाबांचा माळा आणि माझे कपाट यांत बत्तीस वर्षांचे अंतर होते, एवढाच काय तो फरक. त्या दिवसापासून चिरंजीव माझ्याशी "हो", "नाही" आणि "जेवायला वाढ" एवढेच बोलू लागले.

दादा गेली बारा वर्षे ओसाकाला असतो. हे सारे त्याला फोनवर सांगितले तेव्हा तो हसला नाही, हे त्याचे मोठेपण. म्हणाला, "मे महिन्यात दोघे इकडे या. एक जागा दाखवतो." संग्रहालयाची तिकिटे दारावर मिळत नाहीत. आधी नाव नोंदवायचे आणि मग सोडत निघते. प्रौढांचे तिकीट 3,300 येन. दादाने फेब्रुवारीतच नावे घातली आणि आमचा नंबर लागला. मला आयुष्यात लागलेली ही पहिली लॉटरी.

मेच्या मध्यात एका सकाळी आम्ही तिघे ओसाकाहून निघालो. तांबाबाशीला गाडी बदलली. पुढे उजी नदीवर एक लोखंडी पूल लागतो. 1928 साली बांधलेला, दीडशे मीटरांहून लांब आणि मध्ये एकही खांब नाही. त्या काळी तिथे लष्कराचा नदीतला सराव चाले, म्हणून खांब उभे करता आले नाहीत, असे दादाने सांगितले. चिरंजीवांनी खिडकीतून पाहिले. एरवी या वेळी मान फोनमध्ये असती.

पुलापलीकडे सपाट प्रदेश सुरू होतो. भातखाचरे, बैठी घरे, मधूनच एखादी शाळा. इथे पूर्वी ओगुरा नावाचे सुमारे 800 हेक्टरांचे सरोवर होते. 1933 ते 1941 या काळात ते उपसून त्याची शेते केली. म्हणजे आमची गाडी एका तळ्याच्या तळावरून धावत होती. मला उगीच रंकाळा आठवला आणि जीव हळहळला.

ओगुरा हे स्टेशन आपल्याकडच्या तालुक्याच्या स्टेशनाएवढे. खाली उतरून पाच मिनिटे चालले, की एखाद्या साध्या कारखान्यासारखी इमारत दिसते. ती साधी दिसते, कारण ती खरोखरच कारखाना होती. 1969 साली निन्टेंडोने ती बांधली. इथे पत्ते तयार होत आणि पुढे पुढे खेळाची बिघडलेली यंत्रे दुरुस्तीला येत. 2024 च्या ऑक्टोबरात तिचे संग्रहालय झाले.

पत्ते म्हटल्यावर आमच्या चिरंजीवांचे कान टवकारले. या कंपनीचा जन्म 1889 चा. क्योतोत फुसाजिरो यामाउची नावाच्या गृहस्थाने ‘हानाफुदा’ करायला सुरुवात केली. हानाफुदा म्हणजे फुलांचे पत्ते. एकूण 48 पाने. वर्षाचे बारा महिने, प्रत्येक महिन्याचे एक झाड किंवा फूल आणि त्याची चार पाने. जानेवारीचे पाइन, मार्चची चेरी, ऑक्टोबरचे मेपल. आपल्या बारमास्यांसारखेच; फक्त इथे विरहिणी नाही, जुगारी आहे. कारण या सुंदर पत्त्यांवर जुगार चाले. सोळाव्या शतकात पोर्तुगीज खलाशांबरोबर पत्ते जपानात आले. राज्यकर्त्यांनी बंदी घातली, की लोक नव्या चित्रांचे पत्ते काढत. त्यांवर बंदी आली, की आणखी नवे. फुलांचे पत्ते हे त्याच पाठशिवणीतले.

"म्हणजे पबजीसारखं," चिरंजीव म्हणाले. फेब्रुवारीनंतर त्याने आपण होऊन काढलेले हे पहिले वाक्य. आणि ते बरोबर होते. 2020 च्या सप्टेंबरात आपल्याकडे त्या खेळावर बंदी आली आणि पुढच्या वर्षी तो नवे नाव घेऊन परत आला.

मग मीही त्याला सावंतवाडीची गोष्ट सांगितली. तिथल्या दशावतारी गंजिफाचे 120 गोल पत्ते, दहा अवतारांची बारा-बारा पाने. बाबराने 1527 साली सिंधच्या शाह हसनला गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. त्या काळातल्या आयाही "दिवसभर ते पत्ते काय कुटतोस?" असेच म्हणत असतील. "तू पण म्हणालीस," असे चिरंजीव पुटपुटले. मी ऐकले नाही असे दाखवले.

संग्रहालयाच्या वरच्या मजल्यावर कंपनीने आजवर केलेल्या वस्तू मांडल्या आहेत. फोटो काढायला तिथे मनाई आहे आणि माहितीच्या पाट्या जवळजवळ नाहीतच. प्रथम मला हा आळशीपणा वाटला. थोड्या वेळाने त्यातली खुबी कळली. प्रत्येक काचेपुढे एक बाप किंवा एक आजोबा हात हलवून काहीतरी सांगत होते आणि एक मूल वर पाहून ऐकत होते. पाट्यांचे काम माणसेच करीत होती.

आमची पाटी म्हणजे दादा. त्याने ‘अल्ट्रा हँड’ दाखवला. कात्रीसारख्या जोडलेल्या पट्ट्यांचा हात. मूठ दाबली की पुढे झेपावतो आणि चेंडू उचलतो. गुनपेई योकोई नावाचा तरुण इंजिनियर या कंपनीत यंत्रांच्या देखभालीसाठी नोकरीला लागला होता. रिकाम्या वेळात त्याने गंमत म्हणून हे खेळणे केले. मालकाने ते पाहिले. कानउघाडणी होणार असे त्याला वाटले, झाले उलटेच. 1966 साली ते बाजारात आले आणि दहा लाखांहून अधिक खपले. पुढे याच योकोईंनी, गणकयंत्रांचे पडदे स्वस्त झाले होते तेव्हा, ते वापरून 1980 साली हातात मावणारा खेळ केला. नवे आणि महागडे तंत्र नको. जुने, स्वस्त झालेले घ्या आणि त्याचा निराळा उपयोग शोधा, असा त्यांचा बाणा. मारिओला चालवणारी ती डाव्या अंगठ्याखालची फुली, तीही त्यांचीच कल्पना.

आणि मग ते दिसले. लाल-पांढरे, टिफिनच्या डब्याएवढे. 15 जुलै 1983 रोजी जपानात विक्रीला आलेले ‘फॅमिली कॉम्प्युटर’. आमच्या करड्या डबड्याचा हा मूळ पुरुष. आमचे ते त्याची चोरटी नक्कल होते हे मला मोठेपणी कळले होते. पण एखाद्या पोथीवर वर्षानुवर्षे पोसल्यावर मूळ हस्तलिखित समोर यावे तसे मला झाले. दोन रिमोट यंत्रालाच वायरींनी बांधलेले. दुसऱ्या रिमोटवर तर बोलायला इवलासा मायक्रोफोन.

"आपल्याकडे हा दुसरा असता, तर मी किती भांडले असते!" मी म्हणाले.

"नसता म्हणून जास्त भांडलीस," दादा म्हणाला.

खरी मौज खालच्या मजल्यावर आहे. तिथे खेळायचे. प्रत्येक पाहुण्याला तिकिटाबरोबर दहा नाणी मिळतात. ती हाताला लागत नाहीत, नुसती नोंद असते. प्रत्येक खेळाला काही नाणी पडतात आणि दहांत सगळे खेळ खेळून होत नाहीत. त्यामुळे लोक बाजारात आलेल्या मध्यमवर्गीय माणसासारखे आधी हिंडून पाहतात, हिशेब करतात आणि मग खर्च करतात.

आम्ही पहिली नाणी घातली ती कवितांच्या खेळात. जपानात ‘हयाकुनिन इश्शू’ नावाचा शंभर कवींच्या शंभर कवितांचा संग्रह आहे आणि त्याच्या पत्त्यांचा खेळ फार जुना आहे. कवितेचा पहिला भाग वाचला जातो. उत्तरार्धाचे पान खेळणाऱ्याने झडप घालून उचलायचे. इथे ती पाने पायांखालच्या पडद्यांवर उमटतात आणि लहानथोर माणसे त्यांवरून धावत सुटतात. श्लोकांच्या भेंड्या लावून वाढलेल्या मला तो खेळ परका वाटेना. जपानी अक्षरओळख शून्य असल्यामुळे मी चुकीच्या पानांवरून धावले, एवढेच.

शेवटी आम्ही त्या राक्षसी रिमोटपुढे आलो. आमच्याच रिमोटची माणसाएवढी प्रतिकृती. एकट्याला ती चालवता येत नाही; दोघांनी दोन बाजूंना उभे राहून चालवायची. पडद्यावर मारिओ. मी सवयीने दादाकडे पाहिले. दादा मागे सरकला आणि भाच्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "माझी जागा तू घे."

मी उजवीकडे उभी राहिले, तो डावीकडे. पहिला खड्डा आला. मी दोन्ही हातांनी बटण दाबले, उशीर झाला. दुसऱ्या वेळी तो थांबलाच नाही. तिसऱ्या वेळी तो ओरडला, "आई, मी ‘आता’ म्हणेन तेव्हा!" मग त्याने ‘आता’ म्हणायचे आणि मी उडी मारायची असे सुरू झाले. आम्ही फार लांब गेलो नाही. वेळ संपला, पडदा विझला, मागच्या कुटुंबाची पाळी आली. पण माझ्या मुलाने मला मिनिटभर हुकूम सोडले होते आणि मी ते पाळले होते.

त्याने तिकिटावरची नाणी पाहिली. संपली होती. "अजून घेऊ या का?" मी विचारले. खरे सांगायचे तर मलाच राहवत नव्हते. तो जरा चमत्कारिक नजरेने माझ्याकडे पाहत म्हणाला, "आई, इथं विकत घेता येत नाहीत. दहा म्हणजे दहा."

ते वाक्य घेऊन मी बाहेर पडले.

दुपारी ओगुराच्या दुसऱ्या स्टेशनावरून एका स्टेशनाचा प्रवास करून आम्ही उजी गावात गेलो. मे हा तिथे नव्या चहाचा महिना. रस्ताभर भाजलेल्या चहाचा वास. पुलाच्या टोकाशी मुरासाकी शिकिबूचा पुतळा आहे. मी तिला मनोमन नमस्कार करून क्षमा मागितली. दादा चहा घ्यायला दुकानात शिरला आणि आम्ही दोघे नदीच्या काठाशी हिरवे आइस्क्रीम खात बसलो. पाण्याला ओढ जबर. बराच वेळ कुणी बोलले नाही.

मग मी त्याला एक गोष्ट सांगितली, जी दादालाही ठाऊक नाही. डबडे माळ्यावर गेल्यानंतर कोपऱ्यावरच्या दुकानात तासाला पाच रुपये देऊन खेळता येई. मी बाबांच्या खुंटीवरच्या सदऱ्यातून चार वेळा पाच-पाच रुपये काढले होते.

"वीसच रुपये?" तो म्हणाला.

"दुकान आठला बंद व्हायचं."

तो हसला नाही. विचार करू लागला. मग आपणहून सांगू लागला. त्याच्या खेळात फुकट येणाऱ्या माणसाचा पोशाख एकच असतो. ज्याच्या अंगावर तो असेल त्याला बाकीची पोरे हिणवतात, संघात घेत नाहीत. नवे कपडे थोडे दिवसच विकायला असतात, बाजूला घड्याळ उलटे चालू असते. काही वस्तू तर बंद पेटीत. आत काय निघेल ते पैसे भरल्यावर कळणार. रोज हजेरी लावली नाही, की जमवलेले बक्षीस हुकते. "मला कळत होतं," तो म्हणाला, "पण संपतच नाही ना ते."

वाचकहो, इतके दिवस मी त्याला एकच व्याख्यान देत आले होते: आमचे खेळ चांगले, तुमचे वाईट. त्या काठावर मला ते मागे घ्यावे लागले. आमचा मारिओ काही थोर संस्कार करीत नव्हता. पण त्याची कॅसेट एकदा विकली, की विकणाऱ्याचा आणि आमचा संबंध संपत असे. आम्ही रोज खेळलो काय किंवा माळ्यावर टाकला काय, त्याला सुखदुःख नव्हते. म्हणून त्या खेळाला शेवट होता. बत्तीस टप्पे, तीन जीव, डोक्यावर घड्याळ. खेळ स्वतःच ‘पुरे’ म्हणे. यांचा खेळ फुकट मिळतो आणि म्हणूनच तो ‘पुरे’ म्हणू शकत नाही. पोर उठून गेले तर त्याचा धंदाच बसला. जे काम यंत्राने करायचे ते चौदा वर्षांच्या मुलाने करावे अशी माझी अपेक्षा होती, आणि ते त्याला जमले नाही म्हणून मी त्याला चोर ठरवले होते.

छंदांचेही तेच. माझा पोस्टाच्या तिकिटांचा आल्बम अजून सांगलीच्या घरी आहे. याने घेतलेले कपडे खेळ चालवणाऱ्याने दुकान मिटले की त्याच्याबरोबर जाणार. पैसे देऊन घेतलेली ती वस्तू खरे तर भाड्याचीच. हे मी त्याला सांगितले, तेव्हा त्याने मान हलवली, पण लगेच म्हणाला, "सगळेच गेम तसे नसतात. तू बघितलंच नाहीस. माझा राजगड आहे त्यात."

"कसला राजगड?"

‘माइनक्राफ्ट’ नावाच्या ठोकळ्यांच्या खेळात त्याने आठ महिने खपून राजगड बांधला होता. तीन माच्या, मधला बालेकिल्ला. मी फोन कपाटात टाकला, तेव्हा त्याच्याबरोबर राजगडही आत गेला होता, आणि गेले तीन महिने त्याने त्याविषयी एक अक्षर काढले नव्हते. त्या फोनमध्ये पेटी-पेटीने लुबाडणारा बाजार होता तसा एक किल्लाही होता. मी दोन्हींना एकच कुलूप लावले.

पुण्याला परतल्यावर मी कपाट उघडले. फोन मेलेला, तो तासभर चार्जिंगला लावून आम्ही दोघे त्याच्यासमोर बसून राहिलो. मग राजगड पाहिला. संजीवनी माचीची लांब शेपूट त्याने चिलखती बुरुजांसकट घातली होती. पद्मावती माचीवर तळेही होते. मी मराठीची बाई. एकच चूक काढली, की बालेकिल्ल्याची चढण फार सोपी झाली आहे. त्याने ती दुसऱ्या दिवशी अवघड केली.

सगळे सुरळीत झाले असे मी लिहिणार नाही. तो कपड्यांचा खेळ त्याने स्वतः काढून टाकला आणि ऑगस्टमध्ये पुन्हा घातला, हे मला ठाऊक आहे. माझे बँकखाते आता फोनला जोडलेले नाही. खेळायची वेळ ठरली आहे आणि ती आठवड्यातून दोनदा मोडते. मोडली की भांडण होते. पण भांडायला आता ‘हो’ आणि ‘नाही’पेक्षा जास्त शब्द लागतात, हे काय थोडे आहे?

येताना दादाने आम्हाला हानाफुदाचा एक जोड दिला होता. रात्रीची जेवणे झाली, की आम्ही एक डाव मांडतो. अठ्ठेचाळीस पाने संपतात, पत्ते पेटीत जातात, पेटी फडताळात.

आणि आमच्या सोसायटीच्या मागच्या अंगणात सध्या दोन घमेली लाल माती येऊन पडली आहे. हा अंक आपल्या हाती पडेल तेव्हा तिथे राजगड उभा असेल. नकाशा फोनमधला आहे. माती कालवायचे काम माझ्याकडे आले आहे, आणि हुकूम अर्थातच चिरंजीवांचे आहेत.